पट्टी नसलेलं अफगाण पदक: तिसऱ्या बॉम्बे घोडदळातल्या स्वाराची चाकरी कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीच्या पेटीत चांदीचं पदक सापडलं. एका बाजूला मुकुट घातलेली राणी, दुसऱ्या बाजूला हत्ती आणि कूच करणारं सैन्य, खाली १८७८-७९-८० हे आकडे. कडेवर इंग्रजीत खापरपणजोबांचं नाव, ‘सोवार’ हा हुद्दा आणि तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीचं संक्षिप्त नाव. घरात सांगतात की काबूलच्या लढाईत मिळालेलं हे शौर्यपदक आहे. पण लढाईच्या नावाची पट्टी वर नाही, म्हणून सोनार म्हणाला की हे अर्धवट आहे. ते मैवंदच्या लढाईत होते का, त्यांची चाकरी कुठे कुठे झाली असेल, आणि पदक चकचकीत करून घ्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तिथे उशीर झाला तर बाकीची उत्तरं कायमची हातची जातील. पदक घासू नका. चिंच, राखुंडी, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, सोनाराकडचं मशीन, यातलं काहीही लावू नका. या पदकाची सगळी किंमत कडेवरच्या कोरीव अक्षरांत आहे. ती अक्षरं खोल नसतात, बारीक छिन्नीने ओढलेली असतात. चार-पाच दिवाळ्या कुणी मनापासून घासलं की आधी अक्षरांच्या बारीक रेषा जातात, मग रेजिमेंटचा आकडा जातो. ‘३’ या आकड्याच्या जागी नुसता उभा ओरखडा उरला की ते पदक कुणाचं, हे सांगायला कुणी उरत नाही. चांदीवर चढलेला काळा-तपकिरी थर तिला काही इजा करत नाही. मऊ सुती कापडाने धूळ टिपा, पदक कडेला धरून उचला, बस.

आता पदकाकडे. हे १८७८ ते १८८० च्या दुसऱ्या अफगाण युद्धाचं ‘अफगाणिस्तान मेडल’. त्याला मार्च १८८१ मध्ये मंजुरी मिळाली. व्यास ३६ मिलिमीटर, वर सरळ आडवी दांडी, फीत हिरवी आणि दोन्ही काठांना किरमिजी पट्टा. मागच्या बाजूचा हत्ती नीट पाहा, त्याच्या पाठीवर तोफेची नळी लादलेली आहे आणि आजूबाजूला स्वार आणि पायदळ चाललं आहे. हे शौर्यपदक नाही, मोहिमेचं पदक आहे. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या प्रदेशात जो सैनिक चाकरीवर होता, त्या प्रत्येकाला ते मिळालं. त्यात कमीपणा काही नाही, पण घरातली गोष्ट मात्र इथे दुरुस्त करायला हवी.

त्या काळात हिंदी शिपायाला शौर्यासाठी मिळायचं ते ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’. १८३७ पासूनचा हा मान. त्याचे तीन वर्ग, आकार ताऱ्याचा, मध्ये गडद निळ्या मिन्यावर तलवारी आणि शौर्याचं बक्षीस असं सांगणारी इंग्रजी अक्षरं, फीत गडद निळी आणि काठ लाल. तिसरा वर्ग मिळाला की पगाराच्या एक तृतीयांश भत्ता, दुसऱ्याला दोन तृतीयांश आणि पहिल्याला दुप्पट पगार. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्याचा मान हिंदी सैनिकांना १९११ पर्यंत खुलाच नव्हता. मैवंदच्या लढाईसाठी तो दोघांना मिळाला, सार्जंट मलेन आणि गनर कॉलिस, दोघेही ब्रिटिश तोफखान्याचे. त्याच मैदानावर तासन्‌तास घोड्यावर बसून तोफगोळे झेलणाऱ्या हिंदी स्वारांसाठी तो दरवाजा उघडाच नव्हता, हे लक्षात ठेवूनच त्यांची पदकं पाहावीत. पेटीत तारा नसेल, तर तुमच्याकडे मोहिमेचं पदक आहे असं समजा.

काबूलची गोष्टही जुळत नाही. या युद्धात सैन्य उत्तरेकडून खैबर आणि कुर्रममार्गे काबूलकडे गेलं आणि दक्षिणेकडून बोलन खिंडीमार्गे कंदाहारकडे. मुंबई इलाख्याचं सैन्य दक्षिणेकडचं. त्याची वाट साधारण अशी होती: मुंबईहून आगबोटीने कराची, तिथून सिंधू नदीच्या कडेने वर, पुढे सिबीपर्यंत रेल्वे (ती जानेवारी १८८० मध्ये सिबीला पोचली), मग घोड्यावरून बोलन खिंड, क्वेट्टा, खोजक खिंड, चमन आणि कंदाहार. मार्च १८८० च्या अखेरीस जनरल स्ट्युअर्ट बंगालचं सैन्य घेऊन कंदाहारहून काबूलकडे निघाले आणि कंदाहारची जबाबदारी जनरल प्रिमरोज यांच्या हाताखाली मुंबईच्या फौजेवर आली. तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी याच फौजेत होती. तुमच्या घरात ‘काबूल’ हा शब्द उरला, कारण मागच्या पिढ्यांसाठी अफगाणिस्तान म्हणजे काबूलच. नावाचं एवढं एकत्र होणं स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून सगळी घरची गोष्ट खोटी ठरवू नका.

आता खरा विषय, पट्टी. या पदकाला सहा पट्ट्या होत्या: अली मशीद (२१ नोव्हेंबर १८७८), पैवार कोतल (२ डिसेंबर १८७८), चारासिया (६ ऑक्टोबर १८७९), काबूल (१० ते २३ डिसेंबर १८७९), अहमद खेल (१९ एप्रिल १८८०) आणि कंदाहार (१ सप्टेंबर १८८०). यादी दोनदा वाचा. २७ जुलै १८८० ची मैवंदची लढाई त्यात नाही. या युद्धात ब्रिटिशांच्या फौजेची सर्वांत मोठी हानी त्याच दिवशी झाली आणि ती लढाई ते हरले. पट्ट्या जिंकलेल्या लढायांच्या होत्या. म्हणून मैवंदच्या रणात ज्याने जीव दिला, त्याच्या घरी आलेल्या पदकावर कंदाहारची पट्टी असणं शक्यच नाही, कारण तो १ सप्टेंबरपर्यंत जगलाच नाही. आणि मैवंदहून जिवंत परतून पुढे कंदाहारची लढाई लढलेल्याच्या पदकावर पट्टी येते ती कंदाहारची, मैवंदची नव्हे.

म्हणूनच ‘अर्धवट’ हा शब्द मला सहन होत नाही. तुमच्या हातातलं उघडं पदक या तिसऱ्या घोडदळाच्या बाबतीत पट्टीच्या पदकापेक्षा जास्त बोलू शकतं. फक्त ते काय बोलतंय, हे तपासल्याशिवाय ठरवता येत नाही.

आधी पट्टी मुळात होती आणि पडली, असं तर नाही ना, हे पाहा. पट्टी आडव्या दांडीच्या दोन टोकांना छोट्या कानांनी अडकवून पक्की केलेली असते. भिंगाखाली दांडीची टोकं बघा. तिथे चिमटल्याच्या, घासल्याच्या किंवा डागाच्या (झाळकामाच्या) खुणा असतील तर पट्टी निघाली असण्याची शंका घ्या. टोकं स्वच्छ आणि काळवंडणं सगळीकडे सारखं असेल तर ती कधी नव्हतीच. उलट गडबडही होते. बाजारात साध्या पदकाला दुसरीकडची कंदाहारची पट्टी लावून विकतात. ती ओळखायला पट्टीवरची आणि पदकावरची झीज ताडून पाहायची. पदकावरची राणी गुळगुळीत आणि पट्टी मात्र धारदार, किंवा पट्टीच्या कानांजवळ चकचकीत नवा डाग, असं दिसलं की ती जोडगोळी नंतरची.

पट्टी कधीच नव्हती असं धरलं, तर तिसऱ्या घोडदळाच्या स्वारासाठी तीन शक्यता उरतात. तो मैवंदला किंवा कंदाहारच्या वेढ्यात मारला गेला. किंवा तो मैवंदला किंवा कंदाहारच्या वेढ्यात जखमी झाला वा आजारी पडला आणि १ सप्टेंबरला रणात नव्हता. किंवा तो सिबी, बोलन, क्वेट्टा, चमन या रसदेच्या वाटेवर तैनात होता आणि तिथून पुढे गेलाच नाही. तिन्हींना पदक सारखंच मिळतं. कोणती शक्यता खरी, हे पदक एकटं सांगत नाही, कागद सांगतात.

त्या कागदांत काय शोधायचं हे कळण्यासाठी त्या दोन महिन्यांचा घटनाक्रम डोळ्यांसमोर असायला हवा. हेरातहून अफगाण सरदार अयूबखान मोठी फौज घेऊन निघाला, त्याला अडवायला ब्रिगेडियर बरोज ४ जुलैला कंदाहारहून हेलमंद नदीकडे निघाले. १४ जुलैला ब्रिटिशांच्या बाजूच्या कंदाहारच्या वलीची, म्हणजे तिथल्या शासकाची, फौज फितूर झाली. तिच्या स्मूदबोअर (आतून गुळगुळीत नळीच्या) तोफा बरोज यांनी परत हिसकावल्या. फौज मागे कुश्क-इ-नखुदला आली आणि २७ जुलैच्या सकाळी तिथून मैवंदकडे सरकली. बरोज यांच्याकडे सुमारे अडीच हजार माणसं होती: ब्रिटिशांची ६६वी फूट (पायदळ), मुंबईची पहिली ग्रेनेडियर्स, तिसावी म्हणजे जेकब्ज रायफल्स, घोडतोफखान्याच्या सहा तोफा, त्या हिसकावलेल्या तोफा, सॅपर्सची (सुरुंग-खंदकांचं काम करणाऱ्यांची) एक तुकडी आणि घोडदळ म्हणून तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी आणि तिसरी सिंध हॉर्स. घोडदळाचे ब्रिगेडियर होते नटॉल.

सकाळी अकराच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. घोडदळाची माणसं सामान, डावी बगल आणि तोफा राखायला लहान लहान तुकड्यांत विखुरलेली होती. हे समजलं की पुढचं समजतं. घोडदळाचा जोर एकवटण्यात असतो आणि इथे तोच मोडला होता. उघड्या माळावर, जुलैच्या उन्हात, पाणी संपत आलेलं, स्वार घोड्यांवर बसून तासन्‌तास गोळ्यांखाली उभे होते. अयूबखानाकडे तीसेक तोफा होत्या. दुपारी डावीकडची पायदळाची फळी कोसळली आणि ग्रेनेडियर्सच्या रांगा त्यात गुरफटल्या, तेव्हा नटॉल यांनी हल्ल्याचा हुकूम दिला. तो हल्ला शेवटपर्यंत गेला नाही. घोडी मध्येच वळली. इंग्रजी अहवालांत स्वारांना त्याबद्दल कठोर बोल लावले आहेत. तुमच्या कुटुंबाने ते अहवाल वाचताना एवढं ध्यानात ठेवावं की विखुरलेल्या, घोडी गमावलेल्या, सकाळपासून तोफांखाली ठेवलेल्या तुकड्यांकडून तो हल्ला मागितला गेला होता. त्या दिवशी ९०० हून जास्त सैनिक मारले गेले. उरलेल्यांनी जवळजवळ ४५ मैलांची पाण्याविना माघार घेत २८ जुलैला कंदाहार गाठलं.

पुढे वेढा. १६ ऑगस्टला गावाबाहेरच्या देह खोजा या खेड्यावर छापा घातला गेला, त्यात ब्रिगेडियर ब्रुक मारले गेले. या छाप्यातही नटॉल यांचं घोडदळ होतं, आणि त्याचीही पट्टी नाही. ३१ ऑगस्टला जनरल रॉबर्ट्स काबूलहून तीनशेहून जास्त मैलांची कूच करून पोचले आणि १ सप्टेंबरला अयूबखानाचा पराभव झाला. मुंबईचं घोडदळही त्या दिवशी रणात होतं, म्हणून रेजिमेंटच्या मानचिन्हात ‘कंदाहार १८८०’ आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो. रॉबर्ट्स यांच्या कूचीसाठी वेगळा ‘काबूल टू कंदाहार स्टार’ निघाला. तो पकडलेल्या तोफांच्या पितळेच्या-काशाच्या धातूचा, पाच टोकांचा, आणि इंद्रधनुष्यासारख्या तांबड्या-पांढऱ्या-पिवळ्या-पांढऱ्या-निळ्या फितीचा. तो त्या कूचीतल्या माणसांना आणि वाटेत कलात-इ-गिलझाईच्या किल्ल्यातून त्यांच्यासोबत आलेल्यांना मिळाला. त्या किल्ल्यात तिसऱ्या सिंध हॉर्सचे काही स्वार होते, म्हणून सिंध हॉर्सच्या एखाद्याकडे हा तारा रास्तपणे असू शकतो. कंदाहारच्या वेढ्यात असलेल्या तिसऱ्या बॉम्बे घोडदळाच्या स्वाराकडे तो असण्याचं कारण नाही. कुणी तुम्हाला ‘जोडी पूर्ण करा’ म्हणून असा तारा विकायला आला तर घेऊ नका.

कड नीट वाचायची रीत अशी. खिडकीजवळ बसा, पदक मऊ कापडावर उभं धरा, टॉर्च अगदी आडवी, कडेला समांतर धरा. सरळ प्रकाशात न दिसलेली अक्षरं सावलीमुळे उठून येतात. पदक थोडं थोडं फिरवत प्रत्येक तुकड्याचा मोबाइलने क्लोज-अप घ्या. पातळ कागद कडेवर ठेवून मऊ पेन्सिलीने हलकेच घासून ठसाही घेता येतो, पण कागद हलला तर अक्षरं दुहेरी उमटतात, म्हणून दोघांनी मिळून करा. आकडा असेल तर तो आधी लिहून ठेवा. एकाच रेजिमेंटमध्ये एकाच नावाचे चार-पाच स्वार सहज सापडतात आणि आडनाव बहुधा नसतंच. नावाचं इंग्रजी स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेलं असतं, गणपतचं ‘गुनपुट’ आणि रामचंद्रचं ‘रामचंदर’ होतं. शोधताना चार-पाच स्पेलिंगं घेऊनच बसा. हुद्दा हा त्या युद्धाच्या वेळचा आहे, नंतर ते दफेदार किंवा जमादार झालेही असतील.

नाव पुसून दुसरं कोरलेलं नाही ना, तेही याच वेळी पाहा. व्हर्नियर कॅलिपरने व्यास चार-पाच ठिकाणी मोजा. एका बाजूला तो कमी भरला, कड तिथे सपाट किंवा किंचित खोलगट लागली, की कानस फिरलेली आहे असं समजा.

तुमच्या रेजिमेंटबद्दल एक गोष्ट मराठी माणसाला चटकन समजेल. पूना हॉर्स आणि सिंध हॉर्स शिलेदारी होत्या, म्हणजे स्वार असामीचे (भरतीच्या जागेचे) पैसे भरून घोडा, खोगीर, सामान स्वतःचं आणायचा आणि घोडा मेला की चंद्याच्या निधीतून भरपाई व्हायची. तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी त्या काळात शिलेदारी नव्हती, घोडा सरकारचा होता. आपल्या मराठेशाहीच्या भाषेत तुमचे खापरपणजोबा बारगीर. (शिलेदारी रेजिमेंटच्या कागदांत मात्र ‘बारगीर’ म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा, तिथे गोंधळू नका.) घरात घोड्याच्या खरेदीचा किंवा असामीचा कागद निघाला तर ते आधी किंवा नंतर दुसऱ्या रेजिमेंटमध्ये होते का, हे तपासा.

पेटीत आणखी पदकं किंवा नुसत्या फितींचे तुकडे आहेत का, तेही शोधा. ही रेजिमेंट १८२० ची, शिरूरला उभी राहिलेली. १८५७ मध्ये ती इराणच्या मोहिमेत खुशाबला लढली, नंतर ब्रिटिश सेनापती ह्यू रोज यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानात होती, १८६८ मध्ये ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) गेली. जुना स्वार असेल तर त्याच्या छातीवर यातलं काहीही असू शकतं. तांबडी फीत आणि दोन निळे पट्टे म्हणजे १८५४ चं इंडिया जनरल सर्व्हिस, त्यावर पर्शियाची पट्टी. पांढरी फीत आणि दोन तांबडे पट्टे म्हणजे १८५७-५८ चं पदक. पांढऱ्या फितीत मध्ये रुंद तांबडा पट्टा आणि आकाराने जरा लहान पदक म्हणजे ॲबिसिनियाचं. याउलट दीर्घ सेवेचं पदक हिंदी सैन्यात १८८८ मध्ये सुरू झालं, म्हणून ते पेटीत नसणं काहीच सांगत नाही.

कागदांसाठी पहिला मुक्काम मेडल रोलचा, म्हणजे पदक मिळालेल्यांच्या यादीचा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सच्या लष्करी मालिकेत, एल/एमआयएल/५ मध्ये, हिंदी रेजिमेंटचे रोल आहेत. त्यात नाव, हुद्दा, पट्ट्या आणि शेरा असतो. शेऱ्याचा रकाना वगळू नका. माणूस मारला गेला, पेन्शनवर गेला, पदक वारसाला दिलं, अशा नोंदी तिथेच मिळतात. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधले रोल मुख्यतः ब्रिटिश रेजिमेंटचे, तिथे हिंदी स्वार शोधण्यात वेळ घालवू नका. साध्या स्वाराचं पूर्ण सेवापुस्तक क्वचितच टिकलेलं असतं, त्याची जागा रोल, जखमी-मृतांच्या याद्या आणि पेन्शनच्या नोंदी भरून काढतात. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या लष्करी खात्याचे दप्तर आहे. तिथे जाताना नाव, आकडा, गाव, तालुका आणि त्या काळचा जिल्हा लिहून न्या, कारण वारसाची पेन्शन गावाच्या नावाने शोधावी लागते. घरच्या इनामाच्या किंवा पेन्शनच्या मोडी कागदावर १८८०-८१ साल आणि एखाद्या विधवेचं नाव दिसलं, तर पहिली शक्यता खूप बळकट होते.

रेजिमेंट पुढे १९०३ नंतर तेहतिसावी लाइट कॅव्हलरी झाली आणि १९२१ मध्ये चौतिसाव्या पूना हॉर्सशी एक केली गेली. आज भारतीय सैन्यातली १७ हॉर्स म्हणजे पूना हॉर्स ही तिची वारस. पत्र लिहायचं तर कडेच्या फोटोंसह त्यांना लिहा.

ठेवण्याबद्दल. डांबरगोळ्या, रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र आणि मऊ पीव्हीसीची पाकिटं पदकापासून लांब ठेवा, यांच्यामुळे चांदी झपाट्याने काळी पडते किंवा चिकट हिरवट थर धरतो. धुतलेल्या जुन्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ती ओली झाली की बदला. जुनी रेशमी फीत विरली असेल तरी फेकू नका, धुऊ नका, वेगळ्या कागदात सपाट ठेवा. दाखवण्यासाठी नवी फीत लावायची तर जुनी तिच्या शेजारी जपा. फ्रेम करायची असेल तर पदक गोंदाने चिकटवू देऊ नका आणि कड झाकली जाणार नाही अशी बसवून घ्या. सोनाराने गळ्यात घालायला वर कडी डागून देतो म्हटलं तर नको म्हणा, डागाची उष्णता नेमकी त्या दांडीजवळच लागते जिथून पट्टी होती की नव्हती हे ठरतं.